जोशी-अभ्यंकर मधले अभ्यंकर

अनुनासिक

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर परत तो जोशी-अभ्यंकर खुनांचा फॉरवर्ड आला. १९७६ चं पुणं, कॉलेजची पोरं, नायलॉनची दोरी, वगैरे वगैरे. वर्षातून दोनदा तरी येतोच, आणि मग सगळे काका-मामा "आम्ही तेव्हा..." सुरू करतात. यूट्यूबवर तर विचारूच नका, मागे ते धडधड म्युझिक आणि थंबनेलवर लाल रंग. या सगळ्यात अभ्यंकरांच्या वाट्याला किती शब्द येतात? दोन. "संस्कृत पंडित". की लगेच पुढे बंगल्यात कसे शिरले आणि काय काय नेलं.

माझं थोडं वेगळं झालंय म्हणून धागा काढतेय. मी नाशिकची, ९४-९५ ला पुणे विद्यापीठात संस्कृत एमे करत होते, स्पेशल विषय व्याकरण. (कुणी घ्यायला सांगितलं होतं असं आई अजून विचारते.) तेव्हा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता, बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमधला, संस्कृत व्याकरणातल्या पारिभाषिक शब्दांचा कोश. रेफरन्समधला, त्यामुळे घरी न्यायला मिळायचा नाही. वर्गात काही अडलं की मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "अभ्यंकर बघ". दोन वर्षं मी अभ्यंकर बघत होते. वहीत समासात जागोजागी "अभ्यं." लिहिलेलं आहे. सुट्टीत घरी आले तेव्हा त्यातल्या काही पानांची झेरॉक्स आणली होती, ती टेबलावर पडलेली बाबांनी बघितली आणि म्हणाले, "का. वा. अभ्यंकर? अगं हे तेच की. भांडारकर रोडवरचे."

मला कळेचना काय म्हणतायत ते. म्हणजे जोशी-अभ्यंकर हे लहानपणापासून ऐकलेलं, पण तो माझ्यासाठी एक जोडशब्द होता, मीठ-मिरची सारखा. त्यातल्या अभ्यंकरांना मी रोज हातात धरून बसत होते हे दोन वर्षं डोक्यात आलंच नव्हतं. लाज वाटली खरं सांगायचं तर.

तर इथे अभ्यंकरांबद्दल लिहूया. काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे चिरंजीव. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, अर्धमागधीतही काम होतं, जैनांचं दशवैकालिक सूत्र त्यांनी संपादित केलंय. नोकरी झाल्यावर माणूस काय करतो, बागकाम करतो, सकाळी फिरायला जातो. यांच्या कामांची यादी बघा, मला जेवढी पाठ आहे तेवढी लिहिते: १९५४ ला महाभाष्याच्या (पाणिनीच्या व्याकरणावरचं पतंजलीचं भाष्य) मराठी भाषांतराचा प्रस्तावना खंड, १९६० ला परिभाषेन्दुशेखर या नागेशभट्टांच्या व्याकरणग्रंथाच्या, जर्मन पंडित कीलहॉर्नने केलेल्या भाषांतराची नवी आवृत्ती, ६१ ला तो कोश, ६५ ला वि. प्र. लिमयांबरोबर भर्तृहरीचं वाक्यपदीय, ६७ ला परिभाषासंग्रह, आणि मधे मधे कीलहॉर्नच्या महाभाष्याचे तीन खंड तपासून परत छापले, त्यातला तिसरा १९७२ चा. तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. मला आत्ताच प्रूफं वाचताना डोळ्यातून पाणी येतं.

एकच विनंती, मारेकऱ्यांची नावं इथे टाकू नका. ती सगळ्यांना पाठ आहेत.

---

जुनाडेक्कनकर

बरं झालं धागा काढलात. मी तेव्हा अकरा वर्षांचा, एरंडवण्यात राहायचो, त्या बंगल्यापासून चालत दहा मिनिटं. "स्मृती" नाव होतं बंगल्याचं. १ डिसेंबर १९७६. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर कुणी जागेवर बसेना, बाई पण दारात उभ्या राहून दुसऱ्या बाईंशी हळू आवाजात बोलतायत.

महिनाभर आधीच विजयनगर कॉलनीतलं जोश्यांचं प्रकरण झालेलं होतं त्यामुळे लोक घाबरलेलेच होते पण अभ्यंकरांच्या घरचं झालं आणि मग गाव साडेसातला बंद व्हायला लागलं. आमच्याकडे दार दिवसभर उघडं असायचं, नुसतं लोटलेलं, शेजारच्या आजी सरळ आत येऊन वाटीभर साखर घेऊन जायच्या आणि मग सांगायच्या. त्या डिसेंबरात दाराला साखळी बसली, ते बारीक काचेचं भोक बसलं. वडील ऑफिसातून आले की फाटकातूनच "मी आहे रे" असं ओरडायचे आणि तरी आई भोकातून बघितल्याशिवाय दार उघडायची नाही. वरून आणीबाणी, पेपरात काय खरं काय खोटं कळायचं नाही, म्हणून अफवांना ऊत. ती साखळी नंतर कधीच निघाली नाही. फ्लॅटमधे गेलो तरी वडिलांनी पहिली साखळीच लावली.

पण अनुनासिकताई, तुम्ही म्हणताय ते खरंय. त्या बंगल्यावरून आम्ही मान खाली घालून पळत जायचो. त्या घरात पतंजली उघडा पडलेला असेल टेबलावर हे पन्नास वर्षांत माझ्या मनात आलं नाही.

---

रिकामटेकडा

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न, हसू नका. व्याकरणाचा कोश म्हणजे नक्की काय? कोश शब्दांचा असतो ना? कर्ता कर्म क्रियापद याला कितीसे शब्द लागतात, दहावीच्या पुस्तकात शेवटी दीड पानात संपतं.

---

अनुनासिक

@रिकामटेकडा, हसत नाही, उलट हाच प्रश्न हवा होता.

पाणिनीची सूत्रं साधारण चार हजार. त्याला एक अक्षर जरी वाचवता आलं तरी तो वाचवणार. व्याकरणवाल्यांबद्दल एक जुनं वचन आहे, परिभाषेन्दुशेखरात शेवटाकडे येतं, "अर्धमात्रालाघवेन पुत्रोत्सवं मन्यन्ते वैयाकरणाः". अर्धी मात्रा वाचली की मुलगा झाल्यासारखा आनंद. तर या काटकसरीपायी त्याने स्वतःची एक सांकेतिक भाषाच केली. नेहमी लागणाऱ्या गोष्टींना एकाक्षरी नावं. "घ" म्हणजे तरप् आणि तमप्, आपलं उच्चतर उच्चतम मधलं तर-तम. "टि" म्हणजे शब्दातला शेवटचा स्वर आणि त्याच्यापुढे जे काही असेल ते. "नदी" म्हणजे... नदी नाही. म्हणजे नदी पण, पण ईकारान्त ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांच्या एका अख्ख्या गटाचं नाव नदी. म्हणजे वधू पण नदी. लक्ष्मी पण नदी. पहिल्या दिवशी मी वर्गात मोठ्याने हसले होते.

पुढे कात्यायन आला, पतंजली आला, काशिकावाले आले, भट्टोजी, नागेश. त्याशिवाय प्रातिशाख्यवाले, जैनेंद्र, कातंत्र यांची वेगळी दुकानं. प्रत्येकाने शब्द वाढवले, जुन्या शब्दाला नवा अर्थ दिला, एकमेकांची उणीदुणी काढली. हजारो वर्षांचं हे सगळं शास्त्र्यांच्या डोक्यात पाठ असायचं. विद्यार्थ्याने विचारायचं, गुरुजींनी सांगायचं. ज्याला गुरुजी नाहीत त्याने काय करायचं? त्याच्यासाठी हा कोश. शब्द, त्याचा अर्थ, कुणी कुठे वापरला, वैयाकरणांची नावं, त्यांचे ग्रंथ, सगळं अकारविल्हे लावून, आणि इंग्रजीत, म्हणजे पाठशाळेच्या बाहेरच्यालाही कळावं. शास्त्र्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे करणं मला फार मोठं वाटतं. घरात जे तोंडी होतं त्याची किल्ली करून बाहेर ठेवली त्यांनी.

---

घाटरस्ता

चांगली माहिती पण धाग्याचं नाव वाचून वाटलं केसबद्दल आहे. फाशी २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात झाली एवढंच माहित आहे, पण पोलिसांना क्लू कसा मिळाला, माफीचा साक्षीदार कोण वगैरे कुणी सविस्तर लिहिलं तर वाचायला आवडेल.

---

अनुनासिक

त्यावर याच साईटवर तीन धागे आहेत घाटरस्ता, शोधा मिळतील. इथे नको.

---

नावातकायआहे

थोडा मिठाचा खडा टाकतो, राग मानू नका. त्या घरात त्या रात्री पाच जण गेले. शास्त्रीबुवा, त्यांच्या पत्नी इंदिराबाई, नात, नातू आणि घरकाम करणाऱ्या एक साठीच्या बाई. तुम्ही म्हणता लोक फक्त मारेकरी लक्षात ठेवतात. बरोबर. पण मग तुम्ही पण पाचातला जो ग्रंथ लिहून गेला तोच उचललात ना? ज्याचं छापील आहे त्याची आठवण सोपी असते. नातवंडं विशीची, त्यांचं अजून काहीच व्हायचं होतं. आणि त्या बाई, त्यांचा उल्लेख सगळीकडे "मोलकरीण" एवढाच. केसला नाव दोन आडनावांचं पडलं, त्यात त्यांचं आडनाव कधीच नव्हतं. त्या कुठल्या गावच्या, घरी कोण वाट बघत होतं, त्यांच्या हातची भाजी कशी असायची, हे कोण लिहिणार?

---

शिळ्यापोळ्या

+१ नावातकायआहे. माझी आजी कर्वे रोडला चार घरची धुणीभांडी करायची त्या काळात. ती सांगायची की त्या थंडीत कामाच्या बायकांची पंचाईत झाली. बंगलेवाले दार उघडायला घाबरायचे आणि बायका आत जायला. संध्याकाळची कामं सगळ्यांनी सोडून दिली, तेवढे पैसे गेले. गटागटाने घरी परतायच्या. पेठांमधल्या आणि डेक्कनच्या भीतीबद्दल खूप वाचलंय, ही भीती मी कुठे लिहिलेली बघितली नाही म्हणून टाकतेय इथे.

---

अनुनासिक

@नावातकायआहे, राग कसला. खरं आहे तुमचं. मी ज्या दारातून त्या घरात शिरले ते पुस्तकाचं दार होतं, त्यामुळे मला टेबलच दिसलं, स्वयंपाकघर दिसलं नाही. शिळ्यापोळ्या, तुमच्या आजींचं अजून काही आठवत असेल तर जरूर लिहा, अवांतर अजिबात नाही.

---

सातारकर_माचीवाले

अभ्यंकर मूळ आमच्या साताऱ्याचे बरं का, पुणेकरांनी पळवले 😄

गंमत सोडा पण ही परंपरा बघण्यासारखी आहे. काशीचे नागेशभट्ट, म्हणजे नागोजीभट्ट काळे, आपलेच मराठी. त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे. त्यांचे नीळकंठशास्त्री थत्ते. थत्त्यांचे शिष्य भास्करशास्त्री अभ्यंकर, ते साताऱ्यात शिकवायचे. त्यांचे शिष्य रामशास्त्री गोडबोले. आणि गोडबोल्यांनी भास्करशास्त्र्यांच्याच नातवाला तयार केलं, ते वासुदेवशास्त्री. म्हणजे आजोबांनी शिष्याला दिलं आणि शिष्याने ते नातवाला परत केलं. बँकेत ठेव ठेवावी तसं. पुढे वासुदेवशास्त्री पुण्याला आले, फर्ग्युसनमधे शिकवलं. सर्वदर्शनसंग्रहावरची त्यांची टीका भांडारकर संस्थेने १९२४ ला छापली, ती आजही वापरतात. संस्कृतमधे लिहिणारा विसाव्या शतकातला टीकाकार म्हणजे गंमत नाही.

---

जुनाडेक्कनकर

@सातारकर, ठेवीचं आवडलं. आणि ती महाभाष्याची मराठी भाषांतरं, ती पण वासुदेवशास्त्र्यांचीच ना? आमच्याकडे एक खंड होता, काकांनी रद्दीत घालायला काढला होता, मी नुसता जाडी बघून वाचवला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने छापलेला.

---

अनुनासिक

हो तेच. सहा खंड भाषांतराचे आणि सातवा प्रस्तावना खंड. आणि इथे मला जे सांगायचं होतं ते येतंय. वासुदेवशास्त्री १९४२ ला गेले. भाषांतर करून ठेवलेलं, पण सगळं छापून झालं नव्हतं. ते पुढचं काम मुलाने केलं. खंडामागून खंड काढले, आणि मग सातवा खंड स्वतः लिहिला, ५४ साली, त्यात व्याकरणशास्त्राचा सगळा इतिहास मराठीत. म्हणजे वडील गेल्यावर बारा वर्षं हा माणूस वडिलांचं बाड संपवत होता. त्यानंतर परिभाषेन्दुशेखर काढला त्यातही वडिलांची टीका घातली.

त्या प्रस्तावना खंडाचं मराठी वाचलंय का कुणी? तुम्हाला वाटेल जड असेल. अजिबात नाही. सरळ, जरा जुन्या वळणाचं, पण कुठे स्वतःची टिमकी नाही. तुमच्या काकांचा खंड जपून ठेवा.

---

लाइनेकाठची

बरेच दिवसांनी लॉगिन केलं, फक्त या धाग्यासाठी. मी जर्मनीत गॉटिंगेनला आहे. वर कीलहॉर्नचं नाव आलंय ते इथले प्राध्यापक, १८८२ पासून. त्याआधी पंधरा वर्षं पुण्यात डेक्कन कॉलेजला होते, आणि महाभाष्य शिकले ते पुण्याच्या शास्त्र्यांबरोबर बसून. त्यांची महाभाष्याची आवृत्ती १८८० च्या सुमारास मुंबईहून निघायला लागली. पुढे ती दुर्मिळ झाली, मिळेना, आणि तिचा हात धरून तिला परत चालती कुणी केली तर का. वा. अभ्यंकरांनी. आज जगात कुठेही महाभाष्याचा संदर्भ देतात तो कीलहॉर्नच्या पानाने आणि ओळीने, आणि हातात असते ती भांडारकर संस्थेने काढलेली अभ्यंकरांची आवृत्ती. माझ्या शेल्फवर पण तीच आहे.

अजून एक सांगते. भर्तृहरीने महाभाष्यावर टीका लिहिली होती, दीपिका. तिची जगात एकच पोथी उरली, ती बर्लिनला. अर्धवट, खराब, लेखनिकाने चुकांचा सुळसुळाट केलेला. वाचायला बसलं की डोकं धरायची वेळ येते, ओळ कुठे तुटते तेच कळत नाही. त्या पोथीवरून अभ्यंकर आणि लिमये या दोघांनी ग्रंथ उभा केला. नंतरच्या लोकांनी त्यांच्या चुका काढल्या, मी स्वतः सेमिनारमधे दोन काढल्यात आणि तेव्हा फार हुशार वाटलं होतं. पण चुका काढायला आधी कुणीतरी वाचलेलं असावं लागतं.

आणि कोश आता नेटवर आहे. अनुबंध, अनुवृत्ति, अपृक्त असं काही शोधलं की पहिल्या दोन-चार निकालांत तोच मजकूर येतो, खाली बारीक अक्षरात ग्रंथाचं नाव. इथे माझ्या वर्गातली कोरियन मुलगी रोज तो वापरते. तिला मी १९७६ बद्दल काही सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटत नाही.

---

शिळ्यापोळ्या

हे वाचून काटा आला.

मला संस्कृत येत नाही तरी विचारते, शेवटपर्यंत काम चालू होतं का त्यांचं?

---

अनुनासिक

चालू होतं. भांडारकर संस्थेने वेदविकृतिलक्षणसंग्रह म्हणून एक संग्रह काढलाय, अभ्यंकर आणि देवस्थळी अशी दोन नावं आहेत. विषय असा की वेद जसाच्या तसा राहावा, एक स्वर हलू नये, म्हणून पाठ करणाऱ्यांनी शब्द उलटसुलट गुंफून म्हणायच्या आठ रीती काढल्या: जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन. एक-दोन, दोन-एक, एक-दोन, अशी ती वीण चालते, कुठे चूक झाली की लगेच उघडी पडते. या रीतींचे नियम सांगणारे छोटे छोटे जुने ग्रंथ एकत्र केलेत त्यात. ते पुस्तक निघालं १९७८ ला.

आणि कोशाची सुधारलेली दुसरी आवृत्ती, अभ्यंकर आणि जे. एम्. शुक्ल. मुखपृष्ठावरचं साल १९७७. मी एमेला जी वापरत होते ती हीच. म्हणजे जी दोन वर्षं रोज उघडली ती त्यांनी छापून झालेली बघितलीच नाही.

---

जुनाडेक्कनकर

...

काय बोलणार. वडिलांची पुस्तकं त्यांनी काढली, त्यांची दुसऱ्यांनी काढली.

परवा भांडारकर रोडवर गेलो होतो, दातांच्या डॉक्टरकडे. दुतर्फा शोरूम, कॅफे, पार्किंगवरून भांडणं. रस्ता सरळ वर लॉ कॉलेज रोडला लागतो आणि तिथून भांडारकर संस्था पाच मिनिटं. एवढी वर्षं तो रस्ता माझ्या डोक्यात "त्या बंगल्याचा" रस्ता होता. त्या दिवशी पहिल्यांदा उलटा विचार आला, की म्हाताऱ्या माणसाला चालत जाता येईल एवढ्यावर संस्था आहे. दात दुखत होता तरी फाटकापर्यंत जाऊन आलो.

---

घाटरस्ता

वर मी जे विचारलं होतं त्याबद्दल सॉरी. धागा वाचनखूण म्हणून साठवलाय.

---

रिकामटेकडा

रिपोर्टिंग!! आमच्या इथल्या लायब्ररीत तो कोश आहे. ग्रंथपालांनी विचारलं कशाला हवाय, म्हटलं घ बघायचाय. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तर घ बघितला, तुम्ही सांगितलं तेच आहे, तर-तम. त्याच्याच थोडं पुढे "घु" आहे. घु म्हणजे म्हणे दा आणि धा हे धातू, देणे आणि ठेवणे. पण पुढे लिहिलंय दाप् सोडून. हे सोडून का? इंग्रजी वाचलं तीनदा पण डोक्यावरून गेलं.

---

अनुनासिक

वा! सूत्र आहे "दाधा घ्वदाप्". दिसायला दा सारखेच अजून धातू आहेत, एक दाप् म्हणजे कापणे आणि दुसरा दैप् म्हणजे शुद्ध करणे. रूप सारखं, पण वागणूक वेगळी. घु असला की कर्मणी रूपात आ चा ई होतो, दीयते, धीयते. कापण्याच्या दाप् चं तसं होत नाही. म्हणून त्याला नावानिशी बाहेर काढलंय.

त्या पानाचा फोटो टाकता येईल का? माझ्या झेरॉक्सवर नेमकं ते पान पुसट आलंय.

---

रिकामटेकडा

मोबाईल बाहेर ठेवायला लावतात हो. आणि आज सोमवार, बंद. उद्या वही घेऊन जातो, लिहून आणतो. अजून काही बघायचं असेल तर आत्ताच सांगा.

---

लाइनेकाठची

"टि" बघा. आणि कोश कितव्या आवृत्तीचा आहे तेही.